पाळीवरच्या घरात आधी कोण जेवलं

यंदाच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या गावजत्रेत, गावच्या पोरांनी दुपारच्या दंडारीच्या खेळात एक सोंग आणलं. तलावाच्या पाळीवर एकटं घर. घरात एक बाई, केस मोकळे, कपाळाला काळं फासलेलं. ती पाहुण्यांना जेवायला वाढते, पाहुणे एकामागून एक लवंडतात, आणि ती आपल्या कोऱ्या ताटापुढे चुलीपाशी बसून हसते. लोक टाळ्या पिटत होते. माझ्या बाजूला बसलेली कोणाची तरी सून पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘माय वो, खरीच होती म्हनते अशी एक.’

मी उठलो. काठी आपटत सोंगाच्या मधात गेलो. ज्या पोरानं लुगडं नेसलं होतं त्याला विचारलं, ‘का रे, ते हासत होती म्हनून तुले कोनं सांगतलं?’

‘आजोबा, गोष्ट होय ते. बसा तुमी.’

‘गोष्ट नाई. माही बहीन होय ते.’

ढोलकी थांबली. मग दोघांनी माझ्या काखेत हात घालून मला खुर्चीवर नेऊन बसवलं, गिलासात पाणी दिलं आणि सोंग पुढं चालू झालं. ते पाणी मी प्यायलो नाही.

म्हणून हे लिहितो आहे. माझी शाळा तिसरीपर्यंत झाली, तीही धड नाही. अक्षर वाकडं येते. ज्याला चुका काढायच्या त्यानं काढाव्या, पण आधी पूर्ण वाचावं.

घर कुठं होतं ते पहिले सांगतो, कारण अर्धी बदनामी त्या जागेनं केली. आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या बाजूचं. गावाला मोठा तलाव, मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, पणजानं बांधलेला. तलावाच्या मातीच्या बांधाला आम्ही पाळ म्हणतो. त्या पाळीच्या पार दुसऱ्या टोकाला आमचं घर, कारण आजापासून तुडूम सांभाळायचं काम आमच्या घराकडे. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेतात सोडायची जागा. दगडी खांबात एकाखाली एक भोकं असतात, भोकात लाकडी बुचं. गळ्याइतक्या पाण्यात उतरून बूच उपसलं की खालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, पाणी जाते. आणि गाव व आमचं घर यांच्या मधात सलंग, म्हणजे तलाव भरून वाहिला की जास्तीचं पाणी जायची वाट. पावसाळ्यात सलंग चालू झाली की गाव तिकडे आणि आम्ही इकडे. आठवडा आठवडा माणसाचं तोंड दिसायचं नाही. यात भूतखेत काही नाही. पाणी होतं, दुसरं काही नाही.

मालगुजारी गेली तेव्हा लोक म्हणाले, आता तलाव सरकारचा झाला. झाला असेल. सरकार काही बूच काढायला पाण्यात उतरलं नाही. मीच उतरत होतो.

घरात आम्ही दोघंच. माय मी लहान असताना गेली, बाप मालगुजारी जायच्या जरा आधी. मी मिशी फुटलेला जवान, आणि माझी मोठी बहीण. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात, मीही बाईच म्हणत होतो. तिचं सासर तिरोड्याकडचं. नवऱ्यानं दुसरी केली, तशी ही एका गाठोड्यानिशी अर्जुनीच्या ठेसनावर उतरली आणि पायी घरी आली. मला म्हणाली, ‘भाऊ, त्या घरी आता दोन चुली झाल्या. माह्यासाठी इथं एक आहे ना?’ मी म्हटलं, ‘आहे.’ इतकीच बातचीत. पण गावाला इतक्यात समाधान नव्हतं. सोडून आलेली बाई म्हणजे तिच्यात काही खोट असलीच पाहिजे. खोट नवऱ्यात असू शकते हे आमच्या गावाला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आता नव्याची गोष्ट.

नवा खायचा दिवस प्रत्येक घराण्याचा वेगळा असतो. नवीन धान्य देवाला दाखवल्याशिवाय कोणी तोंडात घालायचं नाही. आमचा दिवस दिवाळीनंतर, कारण आमच्या देवाला कोदो लागे, बारीक दाण्याचं भरड धान्य ते, आणि कोदो तेव्हाच घरात येतो. आता कोदो कोणी पेरत नाही, शहरातले लोक पुडक्यात विकत घेतात म्हणे. तेव्हा गरिबाचा भात तोच होता. देव आजानं पाळीवरच्या घरात बसवलेला, म्हणून माझ्या बापाचा मोठा भाऊ, आमचा मोठा बाबा, दरसाल त्या दिवशी मोठ्या मायला घेऊन गावातून आमच्याकडे यायचा. कोदो तोच आणायचा. थोरल्या घरचा मान होता तो.

त्या साली ऐन दिवाळीत पाऊस पडला. कापलेला कोदो खळ्यात भिजला. भिजून दमट राहिलेला कोदो मातते. दिसायला काही फरक नाही, पण खाल्ला की भोवळ येते, हातपाय कापतात, जीभ जड होते. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत, आणि पारखही सगळ्यांना माहीत. भरडलेला कोदो आधी मूठभर कोंबड्यांना टाकायचा. कोंबडी लडबडली की तो कोदो खायचा नाही.

बाई तेच करायला निघाली. सुपातून मूठ भरली, अंगणात गेली आणि कोंबड्यांना आवाज दिला. ओट्यावरून मोठा बाबा गरजला, ‘का करून राहिली, पोरी?’

‘मोठा बाबा, भिजला होता ना कोदो. पाहून घ्याव म्हनलं.’

‘देवाच्या आधी कोंबडीले? नव्याचा दाना उष्टा करतं? सासरी हेच शिकली का?’

‘तसं नाई, मोठा बाबा...’

‘माह्या खळ्यातला कोदो आहे तो! माह्या खळ्यात खोट काढतं?’

मोठी माय मधात पडली. ‘राहू दे वो पोरी. त्यायचं ऐक. सनाच्या दिवशी कायले बोलाचाली?’

बाईनं मूठ परत सुपात सोडली. कोंबड्या आल्या, मातीत चोची मारून गेल्या. हे मी पाहिलं. मोठ्या मायनंही पाहिलं. तिच्यापासून बाई हातभर अंतरावर उभी होती.

देवाला निवद झाला. मोठा बाबा आणि मी जेवायला बसलो. बायांचं मागून. रीतच तशी, पुरुषांचे हात धुवून होईपर्यंत बायांनी चुलीपाशी बसायचं, मग उरलंसुरलं त्यांचं. मोठ्या बाबानं दोनदा मागून घेतलं. कोंबडीचं बोलणं त्याला खोटं पाडायचं होतं ना. मी एकदाच घेतलं, कारण मी त्याच्यावर चिडलो होतो आणि चिडलो की मला जेवण जात नाही. त्या चिडण्यानंच मी वाचलो असेन.

हात धुवायला उठलो तर ओटा माझ्या अंगावर आला. जीभ हालेना. मोठा बाबा आधी हसायला लागला, मला वाटलं सकाळीच मोहाची घेऊन आला की काय. मग त्याचे हात कापायला लागले. मग उलटी. त्याला जुना दमा होता. श्वास छातीत अडकला तो सुटलाच नाही. ऊन पाळीवरून उतरायच्या आत माणूस गेला. मी आडवाच होतो. डोळे उघडले की घर फिरत होतं. त्या फिरत्या घरात मला चुलीपाशी दोन कोरी ताटं दिसत होती. एक बाईचं, एक मोठ्या मायचं.

दोन ताटं. सोंगवाल्यांनी एकच दाखवलं.

तेरवी झाल्यावर गावाची बैठक बसली. पोलिसात द्यायचं नाही हे आधीच ठरलं होतं. गावची गोष्ट गावात राहावी म्हणे. मला आजही संताप येतो तो याचा. बाहेर गेली असती तर कोणीतरी परक्या माणसानं येऊन विचारलं असतं, कोदो कोणाच्या खळ्यातला, भिजला होता का, पारख केली का. गावानं असं काहीच विचारलं नाही. गावाजवळ एकच सवाल होता.

‘सगळ्यायनं खाल्लं, मंग हिनं काऊन नाई खाल्लं?’

बाई उभी होती. म्हणाली, ‘माही जेवाची पाळी यायची होती.’

‘पाळी! पाहा, कसं बोलते!’

मी उठलो. म्हटलं, ‘तुमच्या घरच्या बाया कवा जेवतात हो? सांगा ना. तुमच्या आधी का तुमच्या मागून? तुमीच मागून बसवता आन् तुमीच इचारता, आधी काऊन नाई बसली म्हनून?’

एक पंच हसला. ‘तू भाऊ आहेस तिचा. तू तर बोलशीलच.’

‘मी तेच खाल्लं! मी मेलो असतो!’

‘पन मेला तर नाईस.’

यावर बैठक हसली. हसले ते. सोंगात हसायचंच होतं तर ती बैठक दाखवायची होती.

मग मी मोठ्या मायकडे वळलो. ती बायांच्या मधात पांढऱ्या लुगड्यात बसली होती. म्हटलं, ‘मोठी माय, कोंबडीचं सांग. बाईनं मूठ घेतली होती का नाई, आन् कोनं टाकू नाई देल्ली, इतकं फक्त सांग.’

ती खाली पाहत राहिली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. तिला सांगायचं तर मेलेल्या नवऱ्यानं हट्टानं मातलेला कोदो खाल्ला असं सांगावं लागलं असतं, आणि तो त्यांच्याच खळ्यातला होता हेही. बायांनीच मला झिडकारलं, ‘दुःखात आहे बिचारी. तिले कायले पिडतं?’ दुःखात तर बाईही होती. ती लहान होती तेव्हापासून मोठ्या बाबाला दम्याचा काढा तीच करून पाजायची, तिच्या मांडीवर त्यानं श्वास सोडला होता. मोठ्या मायचंही ताट कोरं होतं. तिला तो एक सवाल कोणी केला नाही.

ठरलं असं की बाई टोनही आहे. आमच्याकडे चेटकिणीला टोनही म्हणतात. तिच्या हातचं पाणी घ्यायचं नाही, तिनं गावच्या विहिरीवर यायचं नाही, सलंग ओलांडून गावात पाय ठेवायचा नाही. मी येऊ-जाऊ शकत होतो, तुडूम माझ्या हातात होतं म्हणून. आता गंमत पाहा. जिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, ती ज्या पाण्यात रोज आंघोळ करत होती, भांडी घासत होती, तेच पाणी गावभरच्या बांध्यांत जात होतं. त्याच पाण्याचा भात गाव खात होतं. त्यानं कोणी बाटलं नाही.

तशी वर्षं गेली. लोक समजतात आम्ही तिथं अंधारात कुढत बसलो होतो. साफ खोटं. बाईसारखं घर गावात कोणाचं नव्हतं. पांढऱ्या मातीनं भिंती सारवायची, काठाला गेरूची पट्टी ओढायची. तलावात उतरून शिंगाडे काढायची, उकडून वाळवायची. मी ते अर्जुनीच्या बाजारात विकायचो, तिथं कोणी विचारत नव्हतं कोणाच्या हातचे. गावातल्या बाया पोरांना दमदाटी करायच्या, ‘चूप बस, नाई तं पाळीवर नेऊन देईन.’ पोरं सलंगच्या काठावर येऊन आमच्या घराकडे पाहत उभी राहायची. बाई त्यांना हात दाखवायची. पोरं पळून जायची. ती घरात येऊन म्हणायची, ‘आज चौघं होते. त्यातलं एक मोठ्या मायच्या शेजारनीचं. किती उंच झालं ना, भाऊ.’ मला ते ऐकवत नव्हतं. मी बाहेर निघून जायचो.

एकच गोष्ट तिनं बदलली. बैठक झाली त्या दिवसापासून ती माझ्या आधी जेवायची. भात उतरवला की पहिला घास स्वतः घ्यायची, जरा वेळ बसायची, मग मला वाढायची. पहिल्यांदा मला वाईट वाटलं. म्हटलं, ‘बाई, मी तुह्यावर शक घेतो का?’ ती म्हणाली, ‘तू नाई. पन आता माह्या आधी कोनी जेवनार नाई. कोनी म्हनू नये का हिनं नाई खाल्लं.’

मग ते अवर्षणाचं साल आलं. पोळा झाला तसा पाऊस जो गेला तो आलाच नाही. धान निसवायच्या बेतात आणि बांध्यांना भेगा. गावातले बापे सलंगच्या काठावर गोळा झाले. सलंग कोरडी पडली होती, चालत आले असते तरी चाललं असतं. पण कोणी ओलांडली नाही. तिकडून ओरडून बोलले.

‘अरे, तुडूम कवा खोलून राहिला?’

‘मोठी माय आली का संग?’

‘तिचं का काम?’

‘तिचंच काम आहे. तिनं इथं यावं आन् कोंबडीची गोष्ट तुमच्यासमोर सांगाव. तोंडातून शब्द निघाला का मी पान्यात उतरतो.’

‘धान मरून राहिला बे, आन् तुले कोंबडी सुचते!’

‘मले ते कवाचीच सुचून राहिली आहे. तुमालेच ऐकू आली नाई.’

‘पानी का तुह्या बापाचं आहे?’

‘नाई. मंग या ना, तुमी खोला. इथंच आहे तुडूम, या.’

कोणी आलं नाही. टोनहीच्या दारावरून जायला लागलं असतं ना. स्वतःच निर्माण केलेल्या भ्यानं स्वतःच्या धानाला कुलूप लावून बसले होते. मी ओट्यावर मांडी घालून बसलो. खरं सांगतो, इतकं सुख मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आज ना उद्या ते मोठ्या मायला खांद्यावर बसवून आणतील, याची मला खात्री होती.

तेवढ्यात मागून पाण्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर बाई तुडूमात उतरलेली. लुगड्याचा काष्टा मारलेला, पाणी गळ्यापर्यंत. बूच दोन्ही हातांनी धरून हलवत होती. मी धावलो, तोवर ते निघालं होतं. पाणी खालच्या पाटात धडधडत गेलं. सलंगच्या पलीकडे एकेक जण आपापल्या बांधीकडे पळाला. आभार कोणी मानले नाहीत. कोणाचे मानणार? टोनहीचे?

‘बाई, काऊन? काऊन केलं?’

ती निथळत उभी होती. ‘धानानं आपलं का केलं, भाऊ? त्याले कायले उपाशी ठेवाचं?’

मी तिच्याशी कितीतरी दिवस बोललो नाही. तिनं वाढलेलं जेवायचो, पण बोलायचो नाही. आज ती नाही तरी मी म्हणतो, ती चुकली. एक पाणी अडवलं असतं तर खरं बाहेर पडलं असतं.

त्याच साली नव्याच्या दिवशी मोठी माय आली. एकटी, भर दुपारी, डोक्यावर टोपलीत कोदो. सलंग ओलांडून, पाळीवरून, अख्खं गाव आपापल्या खळ्यांतून पाहत असताना. अंगणात आली, कोणाशी न बोलता टोपलीतून मूठ भरली आणि देवाकडे न पाहता आधी आमच्या कोंबड्यांना टाकली. मग ओट्यावर बसून कोंबड्यांकडे पाहत राहिली. कोंबड्या खाऊन उकिरड्याकडे गेल्या, धड चालत. ती टोपली बाईपुढे सरकवून म्हणाली, ‘घे, शिजव.’

बाईनं शिजवलं. निवद दाखवला. तिच्या नेमानं पहिला घास स्वतः घेतला. मग मोठ्या मायला वाढलं. मोठ्या मायनं घास तोंडाशी नेला आणि तिथंच थांबली. ‘पोरी, तुह्या मोठ्या बाबानं त्या दिवशी...’

‘जेव मोठी माय. थंडा होऊन राहिला,’ बाई म्हणाली.

मी म्हटलं, ‘थांब बाई. बोलू दे तिले.’

मोठ्या मायच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडायला लागलं. मला दया आली नाही. मी म्हटलं, ‘इथं नको रडू. इथं आमाले दोघायले ठावं आहे सारं. गावात जाऊन, बैठक बसते तिथं रड.’ बाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ओट्यावरून उठून तलावाच्या काठावर जाऊन बसलो. दोघी जेवल्या. बोलण्याचा आवाज येत होता. शिंगाड्यांबद्दल बोलत होत्या.

मोठी माय त्यानंतर दरसाल आली. बाईच्या हातचं जेवली. बाई तापानं गेली तेव्हाही, गाव सलंगपाशी थांबलं आणि ती एकटी पाळ चढून आली, बाईला आंघोळ घातली. लोक मला म्हणतात, बघ, तिनं केलं ना शेवटी. केलं. पण बैठकीत एक वाक्य बोलायचं होतं ते तिनं बोललं नाही, मरेपर्यंत. बाईनं तिला माफ केलं तो बाईचा हक्क. मी केलं नाही, तो माझा.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी तो लुगडंवाला पोरगा माझ्या घरी आला. काळं पुसलेलं, भांग पाडलेला. म्हणाला, ‘आजोबा, कालचं मनाले लागलं का? आमाले माहीत नव्हतं जी.’ मी त्याला बसवलं आणि हे सगळं सांगितलं, जसं इथं लिहिलं तसंच. जेवायची वेळ झाली. माझ्या घरी जी शिजवते ती आधी जेवते. बाईच्या मागून लग्न करून आणलेली माझी बायको तशीच जेवली, आता सून तशीच जेवते. व्याही हसतात, हसोत. सुनेनं आपलं ताट वाढून घेतलं, दोन घास खाल्ले आणि मग आमची ताटं मांडली. पोरगा पाहत राहिला.

‘हे दाखव पुढच्या साली,’ मी म्हटलं. ‘कोंबडी दाखव, दोन कोरी ताटं दाखव.’

त्यानं डोकं खाजवलं. ‘दाखवू जी. पन आजोबा, मंग लोकायले भ्या कायचं वाटंल?’

‘बैठक दाखव,’ मी म्हटलं. ‘सारे बसून आहेत, साऱ्यायले ठावं आहे कोदो मातते म्हनून, आन् कोनी बोलत नाई. त्याचंच वाटलं होतं आमाले.’

विचार करतो म्हणाला. मग जेवला, दोनदा मागून घेतलं, आणि गेला. पुढची मंडई अजून दूर आहे.